विंडोज ११ : लावलेली सेटिंग पुन्हा पुन्हा का पलटते?

"स्टार्ट डावीकडे घेतला होता, सोमवारी दुकान उघडलं तर परत मध्ये." "तो दुसरा इंग्लिश कीबोर्ड काढून टाकला, तरी यादीत येतोच." "काल लेझरवर जाणारी प्रिंट आज रंगीत प्रिंटरवर का गेली?"

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्याच्या आगेमागे नाशिकमध्ये सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) जवळच्या टायपिंग-झेरॉक्सच्या दुकानांपासून पिंपळगाव-दिंडोरीकडच्या द्राक्ष पॅकहाउसच्या ऑफिसांपर्यंत बऱ्याच मशीनवर विंडोज ११ आली. तक्रारी मात्र फिरून फिरून याच आहेत, आणि त्यांवर सहसा मिळणारा सल्लाही एकच : फॉरमॅट मारा. हा सल्ला बहुतेक वेळा वाया जातो. सेटिंग पलटवणारी गोष्ट पुष्कळदा मशीनच्या बाहेर, मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते. विंडोज कोरी मारून त्याच खात्याने साइन-इन केले की जुने दुखणे पंधरा मिनिटांत खाली उतरते.

स्टार्ट डावीकडे कसा न्यायचा, हे दहा सेकंदांचे काम आहे. तो परत मध्ये केव्हा जातो, हे शोधायला खरा वेळ लागतो. मशीनजवळ एक कागद ठेवा. काही पलटलेले दिसले की तारीख-वेळ लिहा आणि त्याच्या अगदी आधी काय घडले तेही लिहा : रीस्टार्ट, अपडेट, दुसऱ्या मशीनवर केलेला बदल, मॉनिटरची केबल काढणे, की एखादा ठरावीक प्रोग्राम उघडणे. तीन-चार नोंदी झाल्या की कारण बहुधा त्या कागदावरच दिसते.

आधी वेगळे काढा : जे बिघडलेलेच नाही

बऱ्याच गोष्टींची फक्त जागा बदलली आहे. त्या येथे उरकून घेऊ.

स्टार्ट डावीकडे हवा असेल तर टास्कबारच्या रिकाम्या जागी उजवी क्लिक करून टास्कबार सेटिंग्ज उघडा. तेथे टास्कबार बिहेविअर्समध्ये टास्कबार अलाइनमेंट 'लेफ्ट' करा. त्याच पानावर 'कम्बाइन टास्कबार बटन्स अँड हाइड लेबल्स' हा पर्याय 'नेव्हर' केला की प्रत्येक फाइलचे वेगळे बटण नावासकट दिसते. एका वेळी सात-आठ अर्ज उघडे ठेवणाऱ्याने हे पहिल्याच दिवशी करावे. विंडोज ११ ऑक्टोबर २०२१ मध्ये आली तेव्हा ही सोय काढून टाकली होती. २०२३ मध्ये ती परत दिली. जुनी मशीन अपडेट केलेली नसेल तर हा पर्याय दिसणारच नाही.

उजव्या क्लिकच्या मेन्यूत कट, कॉपी, पेस्ट, रीनेम आता चिन्हांच्या पट्टीत आहेत. ही पट्टी मेन्यूच्या वर किंवा खाली, जिकडे माउसचा बाण जवळ असेल तिकडे येते; म्हणून रोज जागा बदलल्यासारखी वाटते. विंडोज ११ च्या २४एच२ (२०२४ मधल्या) आवृत्तीपासून चिन्हांखाली नावेही आली. जुना पूर्ण मेन्यू हवा असेल तर शिफ्ट दाबून उजवी क्लिक करा. 'शो मोअर ऑप्शन्स' शोधत बसावे लागत नाही.

फाइल एक्सप्लोररमधल्या ओळी विरळ वाटत असतील तर व्ह्यू मेन्यूतून 'कॉम्पॅक्ट व्ह्यू' घ्या. फाइलच्या नावामागचे शेपूट हवे असेल तर व्ह्यू, मग शो, मग 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'. स्क्रोलबार दिसेनासा होतो तो सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीत, व्हिज्युअल इफेक्ट्सखाली 'ऑलवेज शो स्क्रोलबार्स' सुरू केल्यावर कायम राहतो. तेथेच पारदर्शक झाक आणि हलती चित्रे बंद करता येतात. ४ जीबी रॅमच्या मशीनवर त्यामुळे खिडक्या उघडताना थोडा हलकेपणा जाणवतो. मात्र मशीन मुळात हार्डडिस्कवर चालत असेल तर फार आशा धरू नका. तेथे एसएसडीच हवी.

विजेट्सचा फलक नुसता माउस कोपऱ्यात गेला तरी उघडतो. टास्कबार सेटिंग्जमध्ये विजेट्स बंद करा, विषय संपला.

आता पलटणाऱ्या गोष्टींकडे वळू.

प्रत्येक रीस्टार्टनंतर पलटत असेल

सायबर कॅफेत किंवा टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मशीन असेल तर पहिली शंका डीप फ्रीझसारख्या प्रोग्रामची घ्या. त्याचे कामच मशीन दर रीस्टार्टला गोठवलेल्या स्थितीत परत नेणे हे आहे. तुम्ही केलेली सेटिंग तो इमानेइतबारे पुसतो. संरक्षण काढलेल्या अवस्थेत मशीन सुरू करा, सेटिंग लावा, अपडेट पूर्ण करा आणि पुन्हा गोठवा. अपडेट अर्धवट असताना गोठवले तर दर सकाळी तेच अपडेट नव्याने उतरते आणि इंटरनेटचा डेटा खाते.

तसला प्रोग्राम नसेल तर तात्पुरते प्रोफाइल तपासा. वीज अचानक गेल्यावर वापरकर्त्याच्या प्रोफाइलची फाइल नीट बंद होत नाही. मग विंडोज ती वाचू शकत नाही आणि कामापुरते दुसरे, कोरे प्रोफाइल देते. खूण अशी : डेस्कटॉप अनोळखी दिसतो, सेटिंग सगळी मूळ, आणि सी ड्राइव्हच्या युजर्स फोल्डरमध्ये 'टेम्प' नावाचे फोल्डर तयार झालेले असते. कोपऱ्यात तशी सूचनाही येते, पण घाईत ती कोणी वाचत नाही.

येथे एक धोका आहे. तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये डेस्कटॉपवर किंवा डॉक्युमेंट्समध्ये ठेवलेली फाइल साइन-आउट करताच जाते. त्यामुळे दिवसभराचे काम आधी डी ड्राइव्हवर किंवा पेनड्राइव्हवर घ्या, मगच रीस्टार्ट करा. एक-दोन रीस्टार्टमध्ये जुने प्रोफाइल परत आले तर ठीक. न आल्यास नवे लोकल (फक्त त्या मशीनपुरते) खाते उघडा आणि युजर्समधल्या जुन्या नावाच्या फोल्डरमधून फाइली तिकडे कॉपी करा. हे महिन्यातून दोनदा होत असेल तर दोष विंडोजचा नाही. डिस्क तपासून घ्या आणि यूपीएसची बॅटरी बदला.

आणखी एक साधे कारण. विंडोज ॲक्टिव्हेट केलेली नसेल तर पर्सनलायझेशनमधले रंग, थीम, पार्श्वचित्र ही पाने बंद असतात. उजव्या खालच्या कोपऱ्यातली फिकट ओळ हेच सांगत असते. असे मशीन हाती आले तर इतर काही शोधण्याआधी लायसन्सचा प्रश्न मिटवा.

दुसऱ्या मशीनवर काही बदलले की पलटत असेल

तीन टेबलांवर तीन मशीन आणि तिन्हीवर मालकाचे एकच मायक्रोसॉफ्ट खाते, अशी मांडणी लहान ऑफिसांत सर्रास असते. मग एका टेबलावर कोणी गडद थीम लावली की दुसऱ्यावरही अंधार. एकाने भाषांच्या यादीत इंग्लिश (युनायटेड किंगडम) घातली की ती सगळीकडे उगवते. तिसऱ्या टेबलावरून काढून टाकली तरी खात्यातून परत उतरते.

उपाय : सेटिंग्ज, मग अकाउंट्स, मग विंडोज बॅकअप. तेथे 'रिमेम्बर माय प्रेफरन्सेस' उघडून निदान 'पर्सनलायझेशन' आणि 'लँग्वेज प्रेफरन्सेस अँड डिक्शनरी' या दोन खुणा काढा. प्रत्येक मशीनवर जाऊन काढा. एक मशीन राहिले की तेच बाकीच्यांना पुन्हा बिघडवते. त्यानंतर प्रत्येक मशीनवर हवी ती सेटिंग लावा. क्रम उलटा केला, म्हणजे आधी सेटिंग आणि मग खूण, तर मधल्या काळात जुने पुन्हा उतरू शकते.

कर्मचारी वेगळे असतील तर प्रत्येकाला वेगळे लोकल खाते देणे सगळ्यात निर्धोक. मालकाच्या खात्यात त्याचे वनड्राइव्ह (इंटरनेटवरची फाइलींची जागा) असते, एज ब्राउझरमधले पासवर्ड असतात. ते काउंटरवरच्या मशीनवर उघडे ठेवणे तसेही बरे नव्हे.

अपडेटनंतर पलटत असेल

"शेजारच्या मशीनवर स्टार्ट मेन्यू वेगळा दिसतो, माझ्यावर जुनाच. आवृत्ती तर एकच आहे." हे बरोबर आहे आणि यात बिघाड नाही. नवे रूप मायक्रोसॉफ्ट सगळ्यांना एकदम देत नाही. आवृत्ती तीच असली तरी टप्प्याटप्प्याने सुरू करते. २०२५ च्या अखेरीस आलेला मोठा स्टार्ट मेन्यू असाच पोहोचला. त्यात सगळे प्रोग्राम त्याच पानावर खाली सरकवून दिसतात, वेगळे 'ऑल ॲप्स' दाबावे लागत नाही. ऑफिसातल्या सगळ्या मशीनवर रूप सारखे राहावे असे वाटत असेल तर विंडोज अपडेटच्या पानावर 'गेट द लेटेस्ट अपडेट्स ॲज सून ॲज दे आर अव्हेलेबल' हे बटण बंद ठेवा. पूर्ण हमी मिळत नाही, पण नवलाई तुमच्याकडे सगळ्यात आधी येत नाही.

अपडेटनंतर येणारा निळसर पूर्ण पडदा, 'लेट्स फिनिश सेटिंग अप' वगैरे म्हणणारा, हे बऱ्याच पलटण्याचे मूळ आहे. गिऱ्हाईक समोर उभे असताना माणूस पुढे-पुढे दाबत जातो आणि त्यात ब्राउझर एज होतो, वनड्राइव्हचा बॅकअप सुरू होतो. सेटिंग्ज, सिस्टीम, नोटिफिकेशन्स येथे अगदी तळाशी 'ॲडिशनल सेटिंग्ज' आहे. त्यातल्या तिन्ही खुणा काढा. हे एक काम करून ठेवले तर निम्म्या तक्रारी येत नाहीत.

पीडीएफ परत एजमध्ये उघडत असेल तर दुरुस्ती विंडोजच्या सेटिंग्जमधूनच करा : ॲप्स, डिफॉल्ट ॲप्स, आणि वरच्या चौकटीत टिंबासकट पीडीएफ टाइप करून हवा तो प्रोग्राम निवडा. इतर प्रोग्राम किंवा 'ट्वीक' करणारी साधने ही निवड परस्पर लिहायचा प्रयत्न करतात. विंडोज त्या नोंदीवर स्वतःची एक खूण ठेवते. खूण जुळली नाही की निवड रद्द होते आणि फाइल पुन्हा मूळ प्रोग्रामकडे जाते. 'ॲन ॲप डिफॉल्ट वॉज रीसेट' अशी सूचना दिसली तर हेच घडले आहे असे समजा.

आता राहिली टास्कबारला विंडोज १० चे रूप देणारी बाहेरची साधने. ती चांगली चालतात, अपडेट येईपर्यंत. त्यांचे काम विंडोजच्या आतल्या, कोणी जाहीर न केलेल्या रचनेवर चालते. ती रचना अपडेटमध्ये बदलली की टास्कबार उघडतच नाही किंवा पडदा लुकलुकत राहतो. असे झाले तर कंट्रोल + शिफ्ट + एस्केप दाबा. टास्क मॅनेजर टास्कबारशिवायही उघडतो. यादीत 'विंडोज एक्सप्लोरर' शोधून 'रीस्टार्ट टास्क' करा. पडदा स्थिर झाला की ते साधन आधी काढून टाका. स्थिर होतच नसेल तर साइन-इनच्या पडद्यावर शिफ्ट धरून रीस्टार्ट करा, 'ट्रबलशूट', 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', 'स्टार्टअप सेटिंग्ज' असे जाऊन सेफ मोडमध्ये मशीन सुरू करा आणि तेथून साधन काढा. दुकानाच्या मशीनवर ही साधने नकोतच, असे आमचे मत आहे. नव्या मेन्यूची सवय आठवड्यात होते. बंद टास्कबारमुळे शनिवारची संध्याकाळ जाते.

मराठी टायपिंग : सगळ्यात जास्त गोंधळ येथेच

प्रतिज्ञापत्र टाइप करताना मधेच इंग्रजी अक्षरे उमटू लागतात. कीबोर्ड खराब झालेला नसतो. डावे आल्ट + शिफ्ट ही भाषा बदलण्याची जोडी आहे आणि कंट्रोल + शिफ्ट ही त्याच भाषेतली मांडणी बदलण्याची. वर्डमध्ये शब्द-शब्द निवडताना कंट्रोल + शिफ्ट सतत दाबले जाते. आल्ट + टॅबने उलट्या दिशेने खिडक्या बदलताना आल्ट + शिफ्ट दाबले जाते. बोटे थोडी मागेपुढे झाली की भाषा पलटलीच.

या जोड्या बंद करता येतात. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, टायपिंग, ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज असे जा आणि 'इनपुट लँग्वेज हॉट कीज' उघडा. 'बिटवीन इनपुट लँग्वेजेस' निवडून 'चेंज की सीक्वेन्स' दाबा आणि दोन्ही बाजू 'नॉट असाइन्ड' करा. भाषा बदलायला विंडोज + स्पेस तरीही चालते, आणि ती जोडी चुकून दाबली जात नाही.

त्याच पानावर 'लेट मी यूज अ डिफरंट इनपुट मेथड फॉर ईच ॲप विंडो' अशी खूण आहे. ती लावली की वर्डमध्ये मराठी आणि ब्राउझरमध्ये इंग्रजी असे आपापले राहते. अर्ज भरणाऱ्याने लावावी. एकाच प्रोग्राममध्ये दिवसभर बसणाऱ्याने काढावी, नाहीतर प्रत्येक नव्या खिडकीला भाषा पुन्हा बदलावी लागते.

यादीत भुतासारखा उगवणारा कीबोर्ड काढायची रीत थोडी उफराटी आहे. सेटिंग्जच्या यादीत जी भाषा दिसत नाही ती काढता येत नाही. म्हणून आधी तीच भाषा मुद्दाम जोडा, मशीन एकदा रीस्टार्ट करा, मग तीन टिंबांच्या मेन्यूतून काढा. तरीही परत आली तर ती साइन-इनच्या पडद्याच्या सेटिंगमध्ये बसलेली आहे. लँग्वेज अँड रीजनच्या पानावर 'ॲडमिनिस्ट्रेटिव्ह लँग्वेज सेटिंग्ज' उघडा, 'कॉपी सेटिंग्ज' दाबा आणि खालच्या दोन्ही खुणा (वेलकम स्क्रीन आणि नवी खाती) लावून ओके करा. म्हणजे तुमची स्वच्छ यादी तिकडेही जाते. खात्याच्या सिंकची (खात्यातून सेटिंग उतरवण्याची) खूण वर सांगितल्याप्रमाणे आधी काढलेली असावी. नाहीतर ही सगळी मेहनत दोन दिवस टिकते.

मराठी भाषा जोडल्यावर मिळणारा नेहमीचा कीबोर्ड इनस्क्रिप्ट पद्धतीचा असतो. रोमन अक्षरांवरून मराठी लिहायचे असेल तर त्याच भाषेच्या 'लँग्वेज ऑप्शन्स'मध्ये 'ॲड अ कीबोर्ड' करून 'मराठी फोनेटिक' घ्या. रेमिंग्टनवर (जुन्या टाइपरायटरच्या मांडणीवर) हात बसलेल्यांसाठी मात्र विंडोजमध्ये अंगभूत मराठी सोय नाही. वेगळा इनपुट प्रोग्राम लागतो. विंडोज १० वर टाकलेला तो प्रोग्राम अपग्रेडनंतर यादीतून गेला असेल तर नुसते शोधत बसू नका. तो काढून नव्याने टाका.

आता फाँट. ऑफिसातून आलेले पत्र मंगलमध्ये, तुमच्या मशीनवर तेच चार पानांऐवजी पाच पानांत. वर्डच्या चौकटीत नाव 'मंगल'च दिसते, पण अक्षरांचे वळण निर्मला यूआयचे असते. कारण विंडोज १० पासून मंगल, कोकिळा, अपराजिता हे फाँट सरसकट येत नाहीत; ते वेगळ्या ऐच्छिक संचात गेले. जुनी विंडोज अपग्रेड केली तर बहुधा ते राहतात, कोरी मारली की नसतात. फाँट नसला की विंडोज त्याच्या जागी दुसरा वापरते. रुंदी वेगळी म्हणून ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात आणि तक्ते सरकतात. पेनड्राइव्हवरून कोणाचा तरी मंगल आणून टाकण्यापेक्षा सेटिंग्ज, सिस्टीम, ऑप्शनल फीचर्समध्ये 'व्ह्यू फीचर्स' दाबून 'देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स' शोधा आणि घ्या. इंटरनेट लागते. यादीत मराठी भाषा जोडली तरी हा संच सहसा आपोआप येतो.

कृतीदेवसारखे जुने फाँट वेगळ्या जातीचे. ते युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत) नाहीत. इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी आकार बसवलेले आहेत. तेव्हा त्यांच्यासाठी कीबोर्ड इंग्रजीच ठेवायचा. मराठी कीबोर्ड चालू असेल तर फाँट कोणताही निवडा, उमटते ते युनिकोडच. येथे एक खोच आहे जी फाँट टाकणाऱ्यालाही लक्षात येत नाही. फाइलवर दोनदा क्लिक करून 'इन्स्टॉल' दाबले की फाँट फक्त त्या वापरकर्त्यापुरता बसतो. वर्डला तो दिसतो, पण पेजमेकरसारख्या जुन्या प्रोग्रामला दिसत नाही. मग "फाँट टाकलाय तरी यादीत नाही" ही तक्रार येते. फाँट आधी काढा, मग फाइलवर शिफ्ट धरून उजवी क्लिक करा आणि 'इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स' घ्या. प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडा.

एखाद्या जुन्या बिलिंग किंवा टायपिंगच्या प्रोग्राममध्ये अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हे, चौकोन दिसत असतील तर ॲडमिनिस्ट्रेटिव्ह लँग्वेज सेटिंग्जमध्ये 'चेंज सिस्टीम लोकेल' उघडून पाहा. तेथे 'बीटा' अशा शब्दाने सुरू होणारी यूटीएफ-८ ची खूण लावलेली असेल तर काढा. कोणीतरी 'मराठी नीट दिसेल' म्हणून ती लावलेली असते. युनिकोड न जाणणाऱ्या प्रोग्रामचे त्याने नुकसानच होते. बदल रीस्टार्टनंतर लागू होतो.

एकाच प्रोग्रामची अक्षरे पुसट, बाकी सगळे स्वच्छ

बाकी स्वच्छ आणि एक प्रोग्राम पुसट, याचा अर्थ स्केलिंग. १५.६ इंची फुल एचडी लॅपटॉपवर विंडोज बहुधा १२५ टक्के मोठेपणा सुचवते. नवे प्रोग्राम त्यानुसार अक्षरे नव्याने काढतात. जुन्यांना ते येत नाही, म्हणून विंडोज त्यांचे तयार चित्रच ताणते. ताणलेले चित्र पुसट दिसणारच.

त्या प्रोग्रामच्या शॉर्टकटवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. कम्पॅटिबिलिटी टॅबमध्ये 'चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज' दाबा, खालची 'ओव्हरराइड' खूण लावा आणि आधी 'सिस्टीम (एन्हान्स्ड)' निवडून पाहा. पुष्कळ जुन्या बिलिंग प्रोग्राममध्ये याने अक्षरे स्वच्छ होतात आणि आकारही तोच राहतो. खिडकीतले रकाने विस्कटले तर 'ॲप्लिकेशन' निवडा : अक्षरे धारदार, पण बारीक. चष्मा असलेल्या माणसाला ते पटणार नाही, हे गृहीत धरा.

सगळेच पुसट असेल तर मात्र वेगळे कारण शोधा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टर्सखाली 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' असे दिसले तर ग्राफिक्सचा ड्रायव्हरच बसलेला नाही. बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर घ्या आणि रिझोल्यूशन 'रेकमेंडेड'वर आणा.

१३६६ × ७६८ च्या जुन्या मॉनिटरवर वेगळाच त्रास होतो : खिडकीचे खालचे 'सेव्ह' बटण पडद्याबाहेर जाते. हिशेब करून पाहा. विंडोज १० चा टास्कबार ४० पिक्सेल उंच होता, ११ चा ४८. त्यात कोणी १२५ टक्के केले असेल तर ७६८ ची उंची व्यवहारात ६१४ उरते, टास्कबार वजा जाता ५६६. आणि कित्येक जुन्या प्रोग्रामच्या खिडक्या ६०० उंचीच्या आहेत. अशा मॉनिटरवर स्केल १०० टक्केच ठेवा. अक्षरे लहान वाटली तर ॲक्सेसिबिलिटीतल्या 'टेक्स्ट साइझ'ने फक्त अक्षरे वाढवा. तरी बटण बाहेरच असेल तर टास्कबार आपोआप लपेल असा करा. गिऱ्हाईक थांबलेले असताना तातडीने : टास्कबारवरच्या चिन्हावर शिफ्ट धरून उजवी क्लिक, 'मूव्ह', मग वरच्या बाणाने खिडकी सरकवा.

लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर जोडला-काढला की खिडक्या आणि आकार विस्कटत असतील तर सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, मल्टिपल डिस्प्लेजमध्ये 'रिमेम्बर विंडो लोकेशन्स' ही खूण लावा आणि जमल्यास दोन्ही पडद्यांचे स्केल सारखे ठेवा. 'कस्टम स्केलिंग'मध्ये ११० वगैरे आकडा टाकू नका. तो सगळ्या पडद्यांना एकदम लागतो आणि काढायला साइन-आउट करावे लागते.

प्रिंटर आणि डेस्कटॉप

प्रिंटरचे कारण एकच. ब्लूटूथ अँड डिव्हाइसेस, प्रिंटर्स अँड स्कॅनर्स येथे 'लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर' सुरू असते. त्याचा अर्थ, शेवटची प्रिंट ज्यावर काढली तो डिफॉल्ट. एक रंगीत फोटो काढला की पुढची पन्नास पाने तिकडे. बंद करा, मग हवा तो प्रिंटर उघडून 'सेट ॲज डिफॉल्ट' करा.

डेस्कटॉपवरच्या फाइली एका सकाळी नाहीशा झाल्या आणि 'व्हेअर आर माय फाइल्स' असा शॉर्टकट उरला, तर त्या गेलेल्या नाहीत. वनड्राइव्हचा बॅकअप सुरू झाला होता, नंतर कोणीतरी तो बंद केला. फाइली वनड्राइव्हच्या फोल्डरमधल्या डेस्कटॉप फोल्डरमध्ये आहेत. तेथून उचलून खऱ्या डेस्कटॉपवर आणा. फुकट जागा ५ जीबीच मिळते आणि स्कॅन केलेल्या कागदपत्रांनी ती लवकर भरते. मग जागा संपल्याच्या सूचना सुरू होतात आणि त्या बंद करण्याच्या नादात कोणीतरी फाइलीच उडवतो. बॅकअप बंद करायचा असेल तर वनड्राइव्हच्या सेटिंग्जमधल्या 'मॅनेज बॅकअप'मधून करा. वनड्राइव्ह नुसते अनइन्स्टॉल करू नका.

हे सगळे करूनही पलटत असेल

तेव्हा विंडोजच्या फाइलीच खराब झाल्याची शंका घ्यावी. तरीही फॉरमॅटच्या आधी एक पायरी आहे. सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरीमध्ये 'फिक्स प्रॉब्लेम्स यूजिंग विंडोज अपडेट' असे असेल तर 'रीइन्स्टॉल नाउ' दाबा. तीच आवृत्ती पुन्हा उतरून वरून बसते. प्रोग्राम, फाइली आणि सेटिंग राहतात. सी ड्राइव्हवर वीस-पंचवीस जीबी मोकळी ठेवा, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर करू नका, आणि लॅपटॉप चार्जरला लावूनच बसवा. टायपिंगचा जुना प्रोग्राम डाँगलवर (लायसन्ससाठी लावायच्या यूएसबी कळीवर) चालत असेल तर डाँगल आधी काढून ठेवा आणि त्याच्या ड्रायव्हरची सीडी किंवा फाइल हाताशी असू द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच पहिल्यांदा शोधावी लागते.